जुना नकाशा आणि आकाशाची साक्ष



मी इतिहासकार नव्हे. माझे शाळेतील शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते साखर कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. परंतु माझ्या डोक्यावर एक कर्ज आहे. ते पैशाचे नव्हे, शब्दाचे आहे, आणि ते फेडण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

ती हकीकत अशी. कामगारांच्या सभांतून मी पुष्कळ वर्षे एक गोष्ट सांगत आलो. राइट बंधूंनी १९०३ साली विमान उडविले असे जग म्हणते; पण त्यापूर्वी आठ वर्षे, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे या आपल्या मराठी माणसाने विमान उडवून दाखविले होते! एवढे म्हटले की टाळ्या ठरलेल्या. भाषण रंगत नसले तर मी ही गोष्ट मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवीत असे. एका १ मेच्या सभेनंतर आमच्यातला एक टर्नर माझ्याजवळ आला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "भाऊ, त्या विमानाचा नकाशा कुठं बघायला मिळंल?" मी म्हणालो, "नकाशा कशाला हवा?" तो म्हणाला, "साधा बुश करायचा तरी साहेब आधी ड्रॉइंग हातात देतो. हे तर विमान होतं."

मजजवळ उत्तर नव्हते. मी ती गोष्ट कोठेतरी ऐकली होती, ती मला आवडली होती, आणि आवडली म्हणून मी ती खरी धरून चाललो होतो. युनियनच्या हिशेबात पावतीवाचून एक रुपयाचा खर्च मी कधी मंजूर केला नाही. पण या गोष्टीची पावती मी कोणाकडे मागितलीच नव्हती.

मग मी वाचावयास बसलो. तळपदे हे काल्पनिक पुरुष नव्हेत. ते मुंबईचे, १८६४ सालचा त्यांचा जन्म, सर जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, संस्कृत ग्रंथांचा त्यांना नाद होता, आणि प्राचीन वाङ्मयात विमानविद्या आहे अशी त्यांची श्रद्धा होती. इथवर ठीक आहे. परंतु 'मरुत्सखा' नावाचे त्यांचे विमान चौपाटीवर उडाले याचे त्या काळचे, तपासून पाहता येईल असे एकही वृत्त आजवर पुढे आलेले नाही. ते किती उंच गेले, कोण कोण हजर होते, ही वर्णने मागाहून जमत गेली. या कथेत साक्षीदार म्हणून महाराज सयाजीराव आणि न्यायमूर्ती रानडे यांची नावे घेतली जातात. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, आणि ज्या परंपरेचे बोट धरून आपण येथे जमलो आहोत, त्यांनाच पुराव्यावाचून साक्षीला उभे करावे, हे मला फार लागले.

दुसरी गोष्ट त्या 'वैमानिक शास्त्रा'ची. तळपद्यांच्या विमानाचा आधार म्हणून ज्या ग्रंथाचे नाव आज घेतले जाते, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविला. त्यातील आकृत्या बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनने त्याच सुमारास काढल्या. म्हणजे ज्या नकाशावरून १८९५ चे विमान झाले म्हणावयाचे, तो नकाशा विमानानंतर पाव शतकाहून अधिक काळाने कागदावर उतरला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी हा ग्रंथ तपासला. त्यांनी त्याची टर उडविली नाही. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांच्या आकृत्या घेतल्या, मापे जुळविली, वजने मांडली, हवेचा दाब कोठे पडेल आणि उचल कोठून मिळेल याचा हिशेब केला. निष्कर्ष असा निघाला की यातील एकही यान उडणे शक्य नाही, आणि ग्रंथही प्राचीन नव्हे. तो १९०४ च्या अलीकडचाच असला पाहिजे. ही तपासणी मला आमच्या टर्नरच्या प्रश्नासारखीच वाटली. नकाशा आणा, मापे सांगा, मग बोलू.

आता कोणी म्हणेल, तळपद्यांचे यान माणसावाचूनचे, नमुन्याचे होते. ते उडाले असणे अशक्य कशावरून? या शंकेचे उत्तर शोधता शोधता मी नमुना-विमानांच्या इतिहासात शिरलो, आणि माझ्या ध्यानात आले की मी सभेत केलेली तुलनाच मुळात चुकीची होती. नमुना-विमाने राइट बंधूंच्या कितीतरी आधीपासून उडत होती.

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात सर जॉर्ज केली नावाचा जमीनदार होता. १८०४ साली त्याने सुमारे पाच फूट लांबीचे एक साधे नमुना-विमान केले. काठीला पतंगासारखा पंख आणि मागे हलविता येणारे शेपूट. आजच्या विमानाची सगळी ठेवण त्यात आली. याच केलीने १८५३ साली मोठे ग्लायडर करून त्यात आपल्या गाडीवानाला बसविले आणि दरीपार उडविले. आख्यायिका अशी की तो गाडीवान खाली उतरताच, आपल्याला गाडी हाकायला ठेवले आहे, उडायला नव्हे, असे सांगून नोकरीचा राजीनामा देऊन मोकळा झाला. कामाच्या अटी मोडल्याबद्दलचा विमानधंद्यातील हा पहिला तंटा म्हणावयास हरकत नाही! केलीने १८५२ साली आपला ग्लायडरचा आराखडा 'मेकॅनिक्स मॅगझिन'मध्ये छापला होता. १८२३ साली निघालेले हे नियतकालिक कारागिरांसाठी होते. त्या आराखड्याच्या आधारे, सुमारे सव्वाशे वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकात एक ग्लायडर पुन्हा बांधले गेले आणि डेरेक पिगट या वैमानिकाने त्याच दरीत ते उडवून दाखविले. छापलेला नकाशा माणसापेक्षा किती अधिक जगतो, ते यावरून दिसेल.

पुढचा माणूस जॉन स्ट्रिंगफेलो. हा तर आपल्याच जातीचा, म्हणजे यंत्रकामगारांच्या जातीचा. चार्ड गावी लेस विणण्याच्या यंत्रांचे सुटे भाग करणे हा त्याचा धंदा. १८४८ साली त्याने दहा फूट पंखांचे आणि वाफेच्या चिमुकल्या इंजिनाचे नमुना-विमान रिकाम्या पडलेल्या एका लेस कारखान्यात तारेवरून सोडून उडविण्याचे प्रयोग केले. बंद कारखान्यातील ती रिकामी लांब खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नंतर फ्रान्समधील आल्फाँस पेनो. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्युलरी बागेत, जाणकारांसमक्ष, पिळलेल्या रबराच्या जोरावर त्याचे हलके विमान ११ सेकंद उडाले आणि सुमारे ४० मीटर गेले. याच पेनोच्या कल्पनेवरून केलेले बांबू, बूच आणि कागदाचे एक उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिले. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्हने रबरावर आणि दाबलेल्या हवेवर चालणारी नमुना-विमाने केली. पण एकाचेही पेटंट घेतले नाही, सारे छापून सर्वांना खुले केले. आणि ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँगले याचे वाफेचे, माणसावाचूनचे विमान पोटोमॅक नदीवर ३,००० फुटांहून अधिक अंतर गेले.

आता हिशेब पाहा. १८९५ साली चौपाटीवर माणसावाचूनचे नमुना-विमान उडाले असे क्षणभर धरून चालू. तरी ते पेनोच्या मागून चोवीस वर्षांनी उडाले असते. राइट बंधूंचे श्रेय विमान हवेत गेले एवढ्यासाठी नाहीच मुळी. माणूस वर बसला आणि विमान त्याच्या ताब्यात राहिले, यासाठी ते आहे. याच लँगलेचे माणूस बसविलेले मोठे यान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात दोनदा नदीत पडले. तेव्हा नमुना उडणे ही एक पायरी, माणूस उडणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांची मी टाळ्यांसाठी गल्लत केली होती. राइट बंधूंचेही म्हणाल तर, त्यांचे इंजिन चार्ल्स टेलर या त्यांच्या मेकॅनिकने लेथ आणि ड्रिल मशीन यांच्यावर सहा आठवड्यांत घडविले. ते नाव मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते.

मग मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे या क्षेत्रात काही नाहीच काय? आहे, आणि त्याला पावती आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी रावळगाव व वालचंदनगर येथे साखर कारखाने काढले, आणि त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साह्याने बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला. उसाच्या धंद्यातील माणसाने विमानाचा धंदा सुरू केला, ही गोष्ट आपण श्रीरामपूरकरांनी तरी विसरू नये. याच कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'एचटी-२' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले. घाटग्यांचा जन्म १९०८ चा. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. त्यांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, आणि पुढे भारतीय वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर उडावयास शिकल्या. पुढे १९६४ साली आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला, विमानांचा कारखाना आला. माझ्या सभांतून मी घाटग्यांचे नाव एकदाही घेतले नव्हते. ज्याचा पुरावा आहे त्याला विसरावे आणि ज्याचा नाही त्याच्या नावाने टाळ्या घ्याव्या, हा आपला खाक्या बरा नव्हे.

हे सारे मी त्या टर्नरला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, वाचून झालं. आता एक करूनच बघू." आमच्याबरोबर एक निवृत्त वायरमन होता, आणि टर्नरची आयटीआयमध्ये शिकणारी मुलगी. करावयाचे ते जुन्या नकाशावरूनच, असे आमचे ठरले. नकाशा निवडला तो 'कील क्राफ्ट' या इंग्रजी कंपनीच्या 'ज्युनिअर ६०' या विमानाचा. दुसरे महायुद्ध संपल्यावर निघालेले हे विमान. पंख टोकापासून टोकापर्यंत ६० इंच. जगभर जुन्या नकाशांवरून विमाने बांधणाऱ्यांचे हे आवडते आहे, आणि त्याला कारणही आहे. ते मुळात मोकळ्या उड्डाणासाठी आखलेले. म्हणजे एकदा हातातून सोडले की त्याचे त्यानेच सावरले पाहिजे. म्हणून पंखांची दोन्ही टोके वर उचललेली. विमान एका अंगाला कलले की ते आपोआप सरळ होऊ पाहते. अशा विमानाला बिनतारी यंत्राने नुसते मागचे सुकाणू फिरविले तरी ते शहाण्या बैलाप्रमाणे वळते.

बिनतारी नियंत्रणाचाही इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८९५ साली, म्हणजे आपल्या त्या चौपाटीच्याच वर्षी, जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी संदेशावर चालणारी होडी लोकांपुढे चालवून दाखविली. १९३७ साली अमेरिकेत कलामाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे विमान बिनतारी यंत्रावर उडविले. एकाने विमान बांधले, दुसऱ्याने यंत्र. त्या काळी बटण दाबले की रबराच्या पिळावर चालणारा एक खटका सुटे आणि सुकाणू एका बाजूला वळे. पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला. मधले काही नाही! आज जेवढा अंगठा हलवाल तेवढेच सुकाणू हलते, आणि यंत्र काड्यापेटीत मावते.

आता आमचे विमान. पहिलाच धडा कागदाने दिला. झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणलेला नकाशा आम्ही फळीवर ताणला, आणि फासळ्या कापावयास घेणार एवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, पट्टी लावून बघितली का?" अर्धा पंख ३० इंच भरावयाचा तो २९ इंच आणि वर थोडा भरला. नकाशावर नकाशा काढता काढता तो आखडला होता. सबंध दिवस वाया गेला म्हणून मी कुरकुरलो. पण टर्नर खूष झाला. त्याने दुसरी प्रत काढून आणविली, आणि या वेळी उभे-आडवे माप ताडून पाहूनच काम सुरू केले.

लाकूड बाल्सा, दक्षिण अमेरिकेतले, हातात घेतले तर रिकामा हात असल्यासारखे हलके. नकाशात एक अष्टमांश इंचाची पट्टी, बाजारात तीन मिलिमीटरची. तेवढ्या फरकाने प्रत्येक सांधा ढिला पडे. चाकांचे कणे आणि मोटरची बैठक टर्नरने लेथवर केली, तारांचे काम वायरमनने केले, आणि पंखांवर कागद ताणून बसविण्याचे नाजूक काम मुलीने. मी काय केले? मी तगादा लावला. सभा भरविणाऱ्या माणसाला दुसरे काय येते!

उडविण्याआधी नियम पाहिले. २०२१ च्या नियमावलीनुसार आकाशाचे रंगवार पट्टे केलेले आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक असते, आणि विमानतळाच्या आसपास तशी नसते. २०१७ पासून आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचे विमानतळ आहे. तेव्हा पट्टा पाहून, वस्तीपासून दूरचे गायरान आम्ही पक्के केले.

एका रविवारी सकाळी, वारा उठण्याआधी, आम्ही गायरानात पोहोचलो. मी युनियनची माणसे बोलाविली होती. पन्नासेक तरी आली असतील. नकाशावर पंखाखाली गुरुत्वमध्याची खूण असते. त्या खुणेवर दोन बोटे टेकवून विमान तोलून पाहावयाचे, असा रिवाज. मुलीने ते सुचविले. मी म्हणालो, "नंतर पाहू. माणसे केव्हाची उभी आहेत." आणि विमान सोडविले. ते उचलले गेले, टाळ्या पडल्या, पुढच्याच क्षणी तोंड आकाशाकडे करून ते जागच्या जागी थबकले, आणि डावा पंख खाली घालून मातीत आले.

कारण उघड होते. त्या काळी या नाकावर धातूचे जड इंजिन असे. आम्ही तेथे हलकी विजेची मोटर बसविली. नाक हलके झाले, शेपूट जड राहिले. नकाशात इंजिनाचे वजन लिहिलेले नव्हते, कारण तेव्हाच्या माणसाला ते ठाऊकच होते. प्रत्येक जुन्या नकाशात असे काही न लिहिलेले असते, आणि ते कारागिराच्या हाताबरोबर जाते. ते परत मिळवावयाचे तर तोलून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. मी तेवढाच टाळला होता.

टर्नर मला एक शब्द बोलला नाही. त्याने तुकडे गोळा करून पोत्यात भरले आणि पोते सायकलला लावले. त्याचे ते न बोलणे मला फार जड गेले. रात्री विचार केला तेव्हा दिसले, की चौपाटीच्या गोष्टीत आणि या सकाळच्या खटाटोपात माझी चूक एकच होती. तोलून पाहण्याआधी मला टाळ्या हव्या होत्या.

पुढे महिनाभराने पंख सांधला. मुलीने बॅटरी अगदी नाकात सरकविली, शिवाय शिशाचा एक तुकडा घातला, आणि विमान दोन बोटांवर आडवे, निश्चल उभे राहीतो ती हटली नाही. दुसऱ्या वेळी गायरानात आम्ही चौघेच होतो. विमान हातातून सुटले आणि दोन माणूस उंचीवर जाऊन असे संथ चालू लागले, जणू त्याला कोठे जावयाची घाईच नाही. चार मिनिटांनी मुलीने ते गवतावर उतरविले. टाळ्या वाजवावयास कोणी नव्हते. वायरमनने थर्मासातला चहा ओतला.

त्यानंतरच्या १ मे रोजी मी सभेत उभा राहिलो आणि सांगितले, की चौपाटीच्या विमानाची जी गोष्ट मी तुम्हाला इतकी वर्षे सांगितली, तिला पुरावा नाही. ती मी परत घेतो. तळपद्यांच्या जिज्ञासेला माझा नमस्कार आहे. पण जे झाल्याचे सिद्ध नाही ते झाले म्हणून सांगण्यात त्यांचाही मान नाही. मग घाटग्यांची गोष्ट सांगितली, चार्ल्स टेलरची सांगितली. सभा थंडच राहिली. एक जुना सभासद रागाने उठूनही गेला. तो नंतर कचेरीत येऊन तासभर भांडला, आणि जाताना घाटग्यांविषयी काही वाचावयास आहे का म्हणून विचारून गेला. मला वाटते, तासभराच्या भांडणाचे हे फळ काही थोडे नाही.

श्रोतेहो, शेवटी एकच विनंती. आपल्या या तालुक्यात उसावर कारखाने उभे राहिले, काही चालले, काही बंद पडले. त्या कारखान्यांच्या वर्कशॉपांत कित्येक माणसांनी यंत्रांचे भाग घडविले, जुनी विलायती यंत्रे येथल्या उसाला जुळवून घेतली, आणि त्यांचे नकाशे हाताने काढले. कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात आणि नकाशे रद्दीत. मी माझ्या डोळ्यांनी अशा नकाशांची गुंडाळी किलोवर तोलली जाताना पाहिली आहे. कोणाच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर तो वाचनालयात आणून द्यावा. त्यावर काढणाऱ्याचे नाव लिहावे, साल लिहावे, आणि कागदावर जे लिहिलेले नाही ते त्या माणसाला, तो आहे तोवर, विचारून घ्यावे. पन्नास वर्षांनी एखादा टर्नर नकाशा कुठे बघायला मिळेल असे विचारीत येईल, तेव्हा त्याला दाखवावयास आपल्यापाशी काहीतरी असले पाहिजे.